धार ऐकणारा ड्रेसर

"धार कशी हाये?"

पन्नाशी ओलांडलेला कोणीही पुरुष समोर आला, की आमच्या दवाखान्याचा ड्रेसर रामराम करण्याआधी हे विचारायचा. विचारताना मान उजवीकडे जराशी कलती करायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. समोरचा काय सांगतो याकडे त्याचं लक्ष नसायचं. त्याला दुसरंच काही ऐकू येत असावं, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत आलं.

आर्वीपासून आठ मैलांवरच्या जनपद सभेच्या त्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर म्हणून गेलो, तेव्हा तो पन्नाशीचा असेल. उंच, काळा, सुकलेला माणूस. अंगात खाकी शर्ट, पाय अनवाणी. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे त्याचं काम. पण पंचक्रोशीत त्याची ओळख वेगळीच होती. म्हाताऱ्या माणसाची लघवी अडली, की रबरी नळी घालायला तोच लागे. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा रक्त आलं. मग मुकाट्यानं नळी त्याच्या हाती दिली.

"जोर नाई कराचा, साहेब," तो म्हणाला. "आतमधी गाठ फुगून राह्यली. तिच्यासमोर जरा थांबाचं. ते वाट देते."

ती गाठ म्हणजे प्रोस्टेट. मी तिच्याविषयी पुस्तकात वाचलं होतं. त्याची तिच्याशी ओळख होती.

म्हाताऱ्यांना तो एकच धडा पुन्हा पुन्हा देई. "दिवेलागनीनंतर पानी कमी करा. मोहाची सोडा. लागली की उठा, रोकून धरू नका. लाज कायची? केस पिकते तशी हे गाठ वाढते." आणि म्हातारा काही कबूल करेना, की त्याच्या बायकोकडे वळे. "काकू, राती किती डाव उठते?"

"चार डाव," ती पदर सावरत सांगे. "अन् मले बी उठवते, कंदील धराले!"

दवाखान्यामागे तट्ट्याचा आडोसा करून मुतारी केलेली होती. तट्ट्याच्या अलीकडे बसून तो पट्ट्या धुवायचा आणि ऐकायचा. संध्याकाळी मला सांगायचा, "आज तिघं जन. एक नुसता वाट पाह्यत उभा राह्यते. दुसऱ्याची थांबून थांबून येते. तिसरा झालं म्हनून वळते, अन् परत उभा राह्यते." मी त्या तिघांना बोलावून तपासायचो, आणि तिघांचीही गाठ वाढलेली निघायची.

आधी मला याची गंमत वाटे. मग तो महिने सांगू लागला. "याची दसऱ्यापर्यंत. त्याची शिमग्याच्या आत." आणि त्या त्या वेळी त्या त्या माणसाची बैलगाडी दवाखान्यापुढे येऊन उभी राही. आत माणूस कण्हत असे.

तुम्हीही गावं पाहिली आहेत. पुढे काय झालं असेल ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. तो सांगतो म्हणून अडते, असं लोक म्हणू लागले. तो दिसला की म्हातारे वाट बदलत. छप्पन सालच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून तर शेजारच्या गावच्या पाटलांचा राग आणखीच वाढला. पंचक्रोशीतले कितीतरी जण त्याच्या हातचं पाणी पीत नसत. नळी मात्र चालत असे.

एकदा पाटलांनी त्याला भर बाजारात अडवलं. "काऊन ऐकून राह्यला बे तू लोकायची?"

"तुमची लई बारीक झाली, पाटील," तो शांतपणे म्हणाला. "नागपूरले जाऊन आपरेशन करून घ्या. अजून येळ हाये."

पाटलांनी त्याला आपल्या गल्लीत पाऊल टाकायला बंदी केली.

पुढच्या पोळ्याला दुपारी मी दवाखान्यात आलो, तर तो स्टोव्हवर नळी उकळत होता. रोगी एकही नव्हता.

"कोणासाठी?"

"पाटलासाठी."

"निरोप आला?"

"येईनच आता." आणि पिशवी घेऊन तो चालू लागला. मीही मागोमाग निघालो. पाटलांचं गाव दीड मैलावर. आम्ही दाराशी पोचलो, तेव्हा त्यांचा गडी आम्हालाच बोलवायला बाहेर पडत होता. आम्हाला पाहून तो जागीच खिळला.

पाटील सकाळपासून पाहुण्यांत बसून होते. सारखं उठायची लाज वाटली म्हणून धरून ठेवली, आणि मग येईचना. पोट बेंबीपर्यंत टणक झालं होतं. ड्रेसर उंबऱ्याबाहेर थांबला. "येऊ का आत?"

"ये," पाटील दात आवळून म्हणाले. "ये, बाप्पा."

त्यानं डोळे मिटले, मान कलती केली आणि नळी सरकवली. पितळी घमेलं भरत आलं, तसे पाटील रडू लागले. "तुले कसं मालूम पडलं रे?"

"पोळ्याच्या दिवशी तुमी उठाचे नाई, हे ठाऊक होतं मले."

मला हे पटलं. पण परतताना नाल्यापाशी तो थांबला. "साहेब, खरं सांगू? पाटलाची धार मले सहा महिन्यांपासून रोज घरी बसल्या ऐकू येत होती. आज सकाळी बंद झाली."

नाला वाहत होता. त्या आवाजाकडे पाठ करून मी भरभर निघालो.

पाटलांनी नागपूरला शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते बरे झाले. त्यानंतरच्या शिमग्याच्या सुमारास एका सकाळी ड्रेसर माझ्या खोलीत आला आणि खुर्चीवर बसला. इतक्या वर्षांत तो माझ्यासमोर कधी बसला नव्हता.

"समद्यायची ऐकू येते, साहेब. माही नाई येत."

मी पोटाला हात लावला. फुगलं होतं. नळी मीच घातली. या खेपेला जोर केला नाही, थांबलो. ती अलगद गेली.

"हात चांगला झाला तुमचा," तो म्हणाला.

मी त्याच्याबरोबर नागपूरला निघालो होतो. त्यानं ऐकलं नाही. "दवाखाना कोन पाह्यन? इतके लोकं नेले म्या, रस्ता माहीत हाये." दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला आर्वीहून मोटारीत बसवून दिलं. हातात तिथल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली.

चार दिवसांनी तिथून उत्तर आलं, की असा कोणी रोगी आलेलाच नाही.

मी मोटारीच्या कंडक्टरला गाठलं. कारंज्याच्या पुढे जंगल लागतं, तिथे ड्रेसरनं मोटार थांबवली होती. "लागली," एवढंच म्हणाला आणि एका पळसामागे गेला. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून ड्रायव्हर बघायला गेला. मागे कोणी नव्हतं. हाका मारल्या, हॉर्न वाजवला. बोचकं आणि चिठ्ठी मोटारीतच राहिली होती.

कंडक्टरला घेऊन मी त्या जागी गेलो. जंगलखात्याच्या माणसांनी नाले, कपारी, विहिरी सगळं धुंडाळलं. अनवाणी पावलं झाडापर्यंत गेलेली दिसत होती. पुढे नव्हती, परतीचीही नव्हती.

कंडक्टर माझ्या जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, एक सांगाचं राह्यलं. मोटारीत आमाले समद्यायले आवाज आलता. मोठी धार. जवान मानसावानी. लई वेळ चालू होती."

मी वाकून झाडामागच्या मातीला हात लावला. कोरडी, भुसभुशीत; धारेचा एक ओघळही उमटलेला नव्हता.