ज्योत्स्नाचा उजवा पाय

ज्योत्स्ना फुंडे गाडी अनवाणी चालवते. चप्पल काढते, सीटखाली सारते, मगच गाडी सुरू करते. बालाघाटात लोक म्हणतात, बाई नखरेल आहे. ती म्हणते, चपलेत पाय बहिरा होतो.

एकोणिसाव्या वर्षी ती लालबर्र्याच्या एका राइस मिलच्या आवारात ट्रॅक्टर शिकली. शिकवलं कुणीच नाही. मुकादम जेवायला गेला की ही चढायची. पुढे बघायला आलेल्या एका मुलाने विचारलं, लग्नानंतर हे सोडशील ना? "तुमाले सोडीन," असं म्हणून तिने चहाचा ट्रे आत नेला. घरात आठवडाभर तिच्याशी कुणी बोललं नाही. तो आठवडा तिने लायसन्स काढण्यात घालवला.

आता तिची स्वतःची गाडी आहे. जुनी, दीड लिटर इंजिनाची, डिझेल टर्बो, चारही चाकं ओढणारी. मास्तर, मोजणीवाले, वऱ्हाडी, कुणालाही ती नेते. पण दिवाळीनंतरचं एक काम तिने कधी कुणाला दिलेलं नाही.

दिवाळी झाली की लांजीकडच्या गावांत मंडई, म्हणजे जत्रा, भरतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दुकानं लागतात, पाळणे येतात आणि दंडारीचा, म्हणजे नाचगाण्याच्या लोकनाट्याचा, खेळ होतो. भैयालालकाकांची दंडार दरवर्षी ज्योत्स्नाच्या गाडीतून बेलगावला जाते. बेलगावच्या आधी नाला आहे, पूल नाही. पलीकडे वाळूचा उभा चढ. गावाचा रिवाज असा, की दंडार ज्याने नाल्यापार आणली, त्याच्या हातून मंचापुढे नारळ फुटतो. एरवी त्या गावात बाई नारळ फोडत नाही. ज्योत्स्ना फोडते.

यंदा मंडईच्या सकाळीच भैयालालकाका दारात आले.

"ज्योत्स्ना, यंदा तू आराम कर."

"काहून?"

"अनुराग येऊन राह्यला त्याची गाडी घेऊन. अठ्ठावीसशे सीसी हाय. तुह्या गाडीले वाळूत लय वेळ लागते विचार कराले."

"विचार करते म्हणूनच तुमची ढोलकी आजवर कोरडी राह्यली."

अनुराग मागेच उभा होता. मलाजखंडला ठेकेदारी करणारा, तिशीतला, अदबीने बोलणारा. "ताई, बुरा मत मानो. टर्बोची गोष्ट आहे. छोट्या इंजिनात कमी वेगाला जोर नसतो ना."

"मले नको शिकवू. दोन्ही गाड्या नाल्यावर नेऊ. तिथं पाहू."

दुपारी दोन्ही गाड्या नाल्याच्या काठावर लागल्या. दंडारीची माणसं पेट्या-ढोलक्या घेऊन वाळूत बसली.

आधी ज्योत्स्ना. तिच्या इंजिनाची रीत तिला पाठ होती. पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही. मग टर्बोत हवा भरते आणि सगळा जोर एकदम येतो. म्हणून ती जोर आधीच मागून ठेवते. चाक अजून पाण्यात असतानाच पाय दाबते, आणि चाक चढाला लागतं तेव्हा जोर हजर असतो. गाडी तशीच वर गेली. लोक उठून उभे राहिले.

"मधात थांबवून दाखव," काका ओरडले.

गाडी खाली आणून ती परत चढू लागली आणि अर्ध्यात थांबली. आता आधी मागायला जागाच नव्हती. पाय दाबला. काहीच नाही. मग सगळंच एकदम. चाकं फिरली, वाळू उडाली आणि गाडी रुतली. चार जणांनी ती ढकलून खाली, मग अलीकडच्या काठाला आणली.

मग अनुराग. तो अर्ध्या चढावर थांबला, त्याने पाय नुसता टेकवला आणि गाडी चालू लागली. दारासमोरून निघावी तशी. मोठ्या इंजिनाला टर्बोची वाट बघावी लागली नाही. वर जाऊन, वळवून, तो शांतपणे पाणी ओलांडून काठावर परत आला.

"झालं समाधान?" काकांनी विचारलं.

ज्योत्स्ना सीटखालच्या चपला घालून उतरली. ती अनुरागच्या गाडीपाशी गेली. "उतर."

"ताई?"

"तुही गाडी चांगली हाय. पायाले लगेच जवाब देते. माही नाही देत. खोटं कायले बोलू?"

"मग?"

"मंग काय. आज इंजिन हारलं. मी कुठं हारली?"

अनुराग नकळत उतरला. ती आत बसली, चपला काढल्या आणि खिडकीतून काकांच्या हातात दिल्या. काकांनी त्या धरल्याही.

"नारळ मी फोडणार होतो, ताई," अनुराग हळूच म्हणाला. "आई आली आहे बघायला."

"आईले सांग, पोरगा गुणाचा हाय. सुरू कराचं बटण कुठं हाय?"

"चावी माझ्या खिशात आहे. त्याशिवाय गाडी सुरू नाही होत."

"मंग तू बी बस. बाजूले."

तो उभाच राहिला. मग पेटीवाल्या तेजरामने मागचं दार उघडलं आणि पेटी घेऊन बसला. त्याच्यामागून ढोलकीवाला. चपला तशाच हातात घेऊन भैयालालकाका. शेवटी अनुराग वळसा घालून बाजूला बसला.

सवयीने तिने पाण्यातच पाय दाबला. गाडी उसळली. पेटी तेजरामच्या मांडीवरून काकांच्या पोटावर गेली आणि भेसूर वाजली.

"अवो बाई, मारतं का?" काका ओरडले.

तिने ब्रेक लावला. पाणी चाकांभोवती फिरत होतं. इतकी वर्षं जोर आधी मागायची सवय, आणि इथे मागण्याआधीच तो मिळत होता. अनुराग काही सुचवायला वळला. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा समोर बघू लागला.

तिने नुसता अंगठा टेकवला. गाडी सरकली. आणखी जरा, आणखी जरा. चढ संपला तेव्हा पेटी काकांच्या मांडीवर गप्प होती.

वर गावकरी जमले होते. सरपंचांनी नवी गाडी पाहिली, तिचा मालक पाहिला आणि नारळ अनुरागपुढे धरला. अनुरागचा हात अर्धा उठला.

"गाडी त्याची हाय," ज्योत्स्ना म्हणाली. "आणली मी."

सरपंचांनी भैयालालकाकांकडे पाहिलं. काका आकाशाकडे बघत राहिले. तिने सरपंचांच्या हातातून नारळ घेतला, मंचापर्यंत चालत गेली आणि एका फटक्यात फोडला. मागून ढोलकी सुरू झाली. बायकांच्या घोळक्यात अनुरागची आई टाळ्या वाजवत होती.

अनुराग तिच्याजवळ आला. "पुढच्या वर्षी, ताई?"

"पुढच्या वर्षी," ती खोबरं त्याच्या हातावर ठेवत म्हणाली, "टाकी फुल करून आणजो."