सात शेळ्यांचा वड

भोरहून आंबवड्याकडं जाताना आमच्या फाट्यावर एक वड होता. एवढा मोठा, की या अंगाला पाऊस पडला तर त्या अंगाला बसलेल्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं. एकदा एसटी चुकून त्याच्या पारंब्यांत शिरली, ती बाहेर निघेपर्यंत कंडक्टर रिटायर झाला. हे मी उभ्या जन्मात इतक्यांदा सांगितलंय की आता लोक मलाच ऐकवतात.

पण गाजलेली गोष्ट शेळ्यांची. वडाला रस्त्याच्या बाजूनं एक ढोली होती. हात कोपरापर्यंत जाईल एवढीच, राघू राहायचे तिच्यात. माझ्या गोष्टीत मात्र वेल्ह्याकडचा एक धनगर पावसात सापडतो, सात शेळ्या ढोलीत कोंबतो, मागनं स्वतः शिरतो, आणि पाऊस उघडल्यावर बाहेर येतात नऊ शेळ्या.

वडाचं खरं माप ठाऊक होतं ते माझ्या धाकट्या चुलतीला. वटपौर्णिमेला ती दरसाल एकाच दुकानातून एकाच मापाची सुताची गुंडी आणायची. लग्न होऊन आली तेव्हा सात फेरे होऊन ओंजळभर सूत उरायचं. पुढं उरेनासं झालं. अलीकडं तर सातव्या फेऱ्याला हातभर कमी पडायचं, मग ती पदराचा दोरा ओढून गाठ मारायची. "वाढतोय अजून म्हातारा," म्हणायची. आम्ही रोज त्याच सावलीत बसून गप्पा हाणणारे, आमच्या कुणाच्या ध्यानात ते आलं नव्हतं.

रस्ता रुंद करायचं ठरलं आणि मोजणीचे साहेब टेप आणि रंगाचा डबा घेऊन आले. एकेका झाडावर नंबर पडत गेला. वडापाशी थांबून ते म्हणाले, "हा जरा आत आहे. वळण थोडं बाहेर काढलं तर वाचेल."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण साहेब नवे, चहा गरम, आणि गोष्ट न ऐकलेला माणूस मला लई दिवसांनी गावला होता.

"सात गेल्या आणि नऊ आल्या?" साहेब पोट धरून हसले.

"दोन आतच जन्मल्या, साहेब. पाऊस अजून टिकता तर अकरा झाल्या असत्या."

"म्हणजे आतून बराच पोकळ दिसतोय."

"पोकळ? लग्नाची पंगत बसंल आत."

त्यांनी लिहून घेतलं. पंच म्हणून सही मागितली. मी न वाचता झोकात सही ठोकली आणि खाली आपल्या मनानं 'जाणकार' असं लिहिलं.

आठवड्यानं वडावर लाल फुली आली. मी चुलतीला घेऊन साहेबांकडं गेलो. त्यांनी कागद पुढं केला: आतून पोकळ, धोकादायक. खाली माझी सही.

"साहेब, ती थाप होती."

"मग आता सांगताय ती कशावरून नाही?"

मी चुलतीकडं बघितलं. चुलतीनं पिशवीतनं सुताची गुंडी काढून टेबलावर ठेवली. "ह्ये दरसाल कमी पडतंय. मराया टेकल्यालं झाड वाढंल का, तुमीच सांगा."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, सूत मी कागदाला कसं लावू?" म्हणाला.

झाड पाडलं त्या दिवशी आम्ही दोघं चहावाल्याच्या पत्र्याखाली उभे होतो. बुंधा पार मधोमध भरीव निघाला. कापावर पांढरा चीक ठिबकत होता. करवतवाल्यानं ढोलीत हात घातला, तो कोपरालाच अडला. माझ्याकडं बघून म्हणाला, "शेळ्या कुठंयत ओ, पावणं?" चुलती नुसतं म्हणाली, "चल घरला."

मग मुळ्या उपसल्या, खड्डा बुजवला, वर डांबर पडलं. आता पुरावा म्हणून दाखवायला बुडखासुद्धा नाही. दुपारी एसटीची वाट बघणारे विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागं एक उभे राहतात, आणि सावली सरकली की अख्खी रांग सरकते. वेळ जात नाही म्हणून मला शेळ्यांची गोष्ट सांगायला लावतात.

"अरे, वड भरीव होता," मी सांगतो. "शेळीचं एक करडू मावलं नसतं त्यात."

ते एकमेकांना टाळ्या देतात. "काका, ही नवीन काढली व्हय?"

कधी कधी चुलतीही त्या रांगेत असते. ती हसत नाही, आणि माझ्या बाजूनं साक्षही देत नाही.