शकुनबाईंचा रिव्हर्स

“पुन्हा तिथंच थांबली!” मॅनेजरसाहेब वॉकीटॉकीवर ओरडले. मी डम्परच्या केबिनमध्ये शकुनबाईंच्या शेजारी बसलो होतो. बाईंनी ब्रेक घट्ट दाबून धरला होता.

चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीत मी डम्पर ऑपरेटरांचा ट्रेनर होतो. डम्पर म्हणजे घराएवढा ट्रक. खाणीतली माती भरायची, उंच ढिगावर न्यायची आणि रिव्हर्समध्ये कडेपर्यंत जाऊन खाली ओतायची. कडेला मातीचा बांध असतो. त्याच्यापासून लांब थांबलं, तर माती वरच पडते आणि ती ढकलायला डोझर अडकून पडतो. शकुनबाई दर वेळी लांबच थांबत.

नवरा गेल्यावर त्याच्या जागी त्यांना नोकरी मिळाली होती, ऑफिसात चहापाण्याची. डम्पर त्यांनी स्वतःहून मागितला. आमच्या खाणीत असं मागणारी ही पहिलीच बाई. गाडीवर हातही छान बसला होता. अडत होतं फक्त इथं.

“दुपारची टेस्ट शेवटची,” साहेब म्हणाले. “नाही जमलं तर परत ऑफिस.”

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, “बाई, ब्रेक दाबता तेव्हा कुठं पाहता?”

“तुमच्या तोंडाकडे.”

“माझ्या?”

“तुम्ही थांबा म्हणसान म्हून. आरसा पाहू का तुमाले पाहू, समजतच नाई.”

“आणि मी बाजूला नसलो तर?”

बाई हसल्या. “मंग आरसाच पाहीन ना!”

दुपारी मी गाडीतून उतरलो आणि साहेबांच्या जीपजवळ जाऊन उभा राहिलो.

“एकटीला सोडलंत?”

“हो सर.”

हॉर्न वाजला. डम्पर मागे येऊ लागला. कडेला उभा सिग्नलमन हात हलवून मागे बोलावत होता. नेहमीची जागा आली... गेली! गाडी बांधाशी हवी तिथं थांबली. मातीनं भरलेली मागची बॉडी वर उठली आणि सगळी माती धडाधड उतारावरून खाली गेली. डोझरवाल्यानं उभं राहून शिट्टी मारली. मी जीपच्या बॉनेटवर थाप मारली, साहेबांसमोर!

“चुकून जमलं असेल. पुन्हा,” साहेब म्हणाले.

पुन्हा जमलं. त्याच्यानंतरही. शेवटी साहेबांनीच हात वर केला. “बस, पास!”

खिडकीतून डोकं काढून बाई ओरडल्या, “आता काऊन थांबवता, साहेब? शिफ्ट संपली नाई अजून!”

त्या आठवड्यात त्यांची ड्युटी डम्परवर लागली. पुढच्या बॅचला ऑफिसातल्या आणखी बायांचे अर्ज आले.

ट्रेनरनं शिकवावं, आणि वेळेवर गाडीतून उतरावं. उगाच सीट अडवू नये.