तीन दिवसांची परवानगी

डुक्कर मारायलाही सरकारी कागद लागतो हे कळलं, आणि मला काही राहवेना.

माझी मावशी नदीकाठच्या गावात राहते, मी शिकवते त्या मावल्याहून बसनं तास-दीड तास. तिचा दोन एकर मका दाण्यात आला होता आणि रानडुकरं रोज पहाटे तो आडवा पाडत होती. मागच्या साली मावसाजी मचाणावरून उतरून हाकलायला गेले, तर एका सुळेवाल्यानं त्यांची मांडी फाडली. सत्तरीचा माणूस पाय ओढत चालतो, पण राखण सोडत नाही. मावशीनं फोनवर सांगितलं, "औंदा यायले मी मचाणावर चढू देत नाई. बंदूकवाला येऊन राह्यला. कागद तेलुगूत हाय, तू ये वाचाले."

मी शाळेत दोन दिवसांची रजा टाकली, वर रविवार होताच. खोटं कशाला बोलू, काळजी होतीच, पण शिकारी बघायची हौस जास्त होती.

बंदूकवाला नदीपलीकडचा, महाराष्ट्रातला. वन खात्याच्या यादीत नाव होतं, पण परराज्यातला म्हणून परवानगी तीनच दिवसांची. मला वाटलं, मिशांना पीळ दिलेला कुणी असेल. निघाला चष्मा, स्वेटर आणि चहाचा थर्मास घेतलेला शांत गृहस्थ. मी प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडलं. मांस कोण खातं? कुणीच नाही, पंचांसमोर पुरायचं. हे ऐकून शेजारचे आजोबा खरोखर हळहळले. पिल्लंवाली मादी दिसली तर? सोडायची.

मग मी कागद वाचला. मास्तरणीची खोड, एक ओळ सोडली नाही. शेवटी लिहिलं होतं की परवानगी गावाच्या शिवेपुरतीच. शीव कुठं संपते, त्यानं विचारलं. नसती उठाठेव कुणी सांगितली होती मला? पण मी गावच्या कारकुनाला फोन लावून नकाशा काढायला लावला. शीव नदीच्या मधोमध होती. म्हणजे पलीकडं त्याचं स्वतःचं राज्य, आणि तिथंच त्याला बंदूक उचलता येत नव्हती! मला केवढी गंमत वाटली. मावशीला नाही वाटली. ती म्हणाली, डुकरं दिवसभर तिकडं निजतात अन् जेवायला इकडं येतात, त्यायले कोनं शीव दाखवली?

पहिल्या दिवशी नुसते माग दिसले. खुरांचे ठसे बघून तो नर की मादी सांगायचा, मी वहीत काढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पिल्लंवाली आली, त्यानं बंदूक खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी चांगलं उजाडल्यावर आम्ही चौघं बांधाआड बसलो होतो. मक्यातून एकटा नर निघाला. मावसाजींनी माझा दंड घट्ट धरला. फाटक्या कानावरून त्यांनी ओळखलं होतं, तोच हा. गोळीच्या रेषेतच काठावर एक बाई धुणं धूत होती. ती बाजूला होईपर्यंत डुक्कर पाण्यात शिरलं. बंदूकवाल्यानं नेम धरला आणि डोळा न हलवता विचारलं, "मॅडम, मधोमध झालं का?"

वाहत्या पाण्यात मधोमध कुणी मोजलंय? नाही म्हटलं असतं तर कुणाच्या बापाचं काय जात होतं? मावशी माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी म्हणाले, "झालं."

त्यानं बंदूक उतरवली. डुक्कर पलीकडं चढलं, अंग झाडलं आणि झुडपात गेलं. दुपारी बंदूकवाला थर्मास घेऊन आपल्या गावी गेला. मावशीनं मला जेवायला वाढलं, वर तूपही वाढलं.

दिवस कलला तशी मावसाजींनी घोंगडी आणि काठी उचलली. मावशीनं दोन्ही त्यांच्या हातातून काढून घेतली.

"तुमी घरी राहा. आजपासून मी जातो."

गुडघ्यांनी कावलेली बाई ती, शेतात जाऊन मचाणाच्या शिडीवर एकेक पाय ठेवू लागली. मी धावत जाऊन शिडी धरली. तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही.

"सोड," म्हणाली, "तुयी बस चुकन."