न केलेल्या तपासणीवरची खूण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरी नाही, कामावर तर नाहीच. माझ्या याद्यांत सगळं असतं — किराणा, गॅसचा नंबर, कोणत्या बाटलीवर कोणती तारीख — पण हे कुठल्याच यादीत नाही.

शहाद्याजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी काम करते. विषाणूला पेशीत शिरू न देणारं काही सापडतं का, ते आम्ही झाडपाल्याच्या अर्कांत शोधतो. निरुपद्रवी केलेला विषाणू पेशीत शिरला की पेशी चमकते. अर्क घातल्यावर चमकली नाही, तर आशा धरायची. पण — हे माझ्या तपासणीच्या यादीत सातव्या क्रमांकावर होतं — पेशी जिवंत आहे ना, ते वेगळं तपासायचं. कारण मेलेली पेशीही चमकत नाही.

तळोद्याच्या वरच्या डोंगरात राहणाऱ्या रेलीबाई आम्हाला झाडांच्या साली आणून द्यायच्या. एकदा मी सोबत गेले होते. त्यांनी एका झाडाची वीतभरच साल काढली, तीही एका बाजूची, मग बुंध्याला हात लावून काहीतरी पुटपुटल्या. मी लिहीत होते. "माले बी चिठ्ठीमा लिखी ले, नही तं भुली जाशी," म्हणून हसल्या.

त्या सालीच्या अर्कात पेशी चमकल्या नाहीत. झाडाचं नाव इथे लिहीत नाही. अहवालात एकदा लिहिलं तेवढं पुरे. अहवाल दुपारी जायचा होता. सातव्या क्रमांकापुढे मी खूण केली. तपासणी उद्या करू — असंच ठरवलं होतं ना? की तेव्हाच माहीत होतं, करणार नाही म्हणून? रेलीबाईंना फोनही मीच केला. तुमच्या सालीत दम आहे, म्हटलं.

बातमी जीपगाड्यांबरोबर पाड्यापाड्यांत गेली. लोक कोयते घेऊन त्या झाडाची साल काढायला आले.

पंधरा दिवसांनी मी ती तपासणी केली. एकटीने, जेवणाच्या सुट्टीत. एकही पेशी जिवंत नव्हती. साल विषाणूला अडवत नव्हती — पेशीच मारत होती. तेव्हा एक फोन केला असता तर? झाडाची अर्धी साल तरी वाचली असती. कुणी तिचा काढा प्यायलं का — तेही मी कधी विचारलं नाही. अहवाल पुढे मोठ्या प्रयोगशाळेत गेला, तिथे काही निघालं नाही, विषय मिटला.

होळीआधी रेलीबाई आल्या. फडक्यात सालीची एक वाळकी पट्टी होती. चहूबाजूंनी सोललेलं झाड उभ्या उभ्या वाळलं होतं. त्यांच्या सासऱ्यांनी राखलेलं झाड. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "झाड गयं, ताई. पन औषध तं व्हयनं ना?"

"हा, व्हयनं," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं — हो, झालं.

त्यांचा चेहरा सैल झाला — ते मी पाहिलं. पाणी पिऊन त्या तळोद्याची गाडी धरायला गेल्या. पट्टी मी कागदात गुंडाळली, वर नाव, गाव, तारीख लिहून कपाटात ठेवली.

तो यादीचा कागद अजून फाइलमध्ये आहे. खूण माझ्याच हातची. नीट, रकान्याच्या बरोबर मधोमध.