कॉन्टेसाची पाठराखीण

असीरगडाचा किल्ला म्हणे समोरासमोर लढून कधी कुणाला घेता आला नाही. याचं कारण एवढंच की त्या काळी आमचे व्याही जन्मले नव्हते. ते पायथ्याच्या रस्त्यावर खुर्ची टाकून नुसते बसले असते, तरी किल्ला कंटाळून आपण होऊन खाली उतरला असता. हट्टी मीही कमी नाही. चौथीत मास्तरांनी माझं बरोबर उत्तर चूक ठरवलं म्हणून मी शाळा सोडली, आणि ते उत्तर बरोबर होतं हे आजही सांगतो. पण व्याह्यांच्या हट्टापुढं माझा हट्ट म्हणजे रांगतं पोर.

पहिली भेट सांगतो, म्हणजे माणूस कळेल. निंबोल्याला हमरस्त्यावर माझी ट्रॅक्टर-जीप दुरुस्तीची जागा आहे. हे बुऱ्हाणपुराहून, लोधीपुऱ्यातून, त्यांच्या मुलासाठी माझी मुलगी पाहायला आले. केळीचे मोठे व्यापारी, पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी. घरात पाट मांडलेले, पोहे परातीत निवत चाललेले, मुलगी पदर सावरून बसलेली, आणि हे कुठं दिसेनात. शोधलं तर अंगणात माझ्या जुन्या जीपखाली दोन पाय दिसले. बाहेर आले ते टोपीला माती लावून. म्हणाले, "पाव्हणे, मुलगी पसंत." मी म्हटलं, अहो, पाहा तरी. तर म्हणाले, "ज्या घरातल्या एवढ्या जुन्या गाडीखाली तेलाचा एक थेंब नाही, त्या घरात मुलीला वळण काय लावलंय ते वेगळं विचारायला लागत नाही." माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या कामाचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. त्याच दिवशी मी मनातल्या मनात मुलगी देऊन टाकली.

मग त्यांची गाडी पाहिली आणि कळलं की हा माणूस पक्का आहे. कॉन्टेसा. लांबरुंद, पुढं छाती काढून उभी, पहिलवान लंगोट कसून आखाड्यात उतरावा तशी. रंग केळफुलाचा, तोच काळपट लाल. एका गिरणीच्या साहेबाकडून जुनीच घेतलेली, पण व्याह्यांनी तिला कधी जुनी म्हटलं नाही आणि दुसऱ्यालाही म्हणू दिलं नाही. तिला ते गाडी म्हणत. बाकी रस्त्यावरून जे जे चालतं ते सगळे डबे. कुणी नवी मोटार घेतली की पेढे द्यायला यांच्याकडे यायचं. हे पेढा तोंडात टाकत, उठून अंगणात जात, तापीच्या वाळूतलं टरबूज पारखावं तसं बोटाच्या पेरानं बॉनेटवर टकटक करत, कान देत आणि सांगत, "कच्चं आहे." पुतण्याची गाडी कच्ची, डॉक्टरची कच्ची, एकदा सरकारी साहेबाची लाल दिव्याची गाडी आली तीही कच्ची. साहेब समंजस होता, हसला. पुतण्यानं बोलणं टाकलं.

अशी ती गाडी बारा वर्षांपूर्वी बंद पडली. मी म्हटलं, इंजिन उघडावं लागेल, मी उघडतो. त्यावर व्याह्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "पाव्हणे, तुमचा हात ट्रॅक्टरचा. गुरांच्या डॉक्टरला माणसाची नाडी दाखवत नाहीत." लेकीचं सासर, म्हणून मी गप्प बसलो, पण ठरवलं, हा माणूस निंबोल्याला येऊन हात लावा म्हणत नाही तोवर या गाडीला बोट लावणार नाही. बारा वर्षं मी त्या अंगणात त्या बॉनेटकडं पाठ करून चहा प्यालो.

गाडी चालत नव्हती, पण मेली नव्हती, असं त्यांचं म्हणणं. बॅटरी घरात ठेवत, चार्ज करत, आणि रोज सकाळी सातला गाडीत बसून तीन वेळा हॉर्न वाजवत. लोधीपुऱ्यात त्या हॉर्नवर पोरं शाळेला निघत आणि बाया कुकर चढवत. व्याही पेपर गाडीत वाचत. सौदे मागच्या सीटवर होत. सीटला केळीच्या सालीनं पॉलिश करत. सीट चमके, आणि मुंग्याही मुक्कामाला येत. पण व्याही मुंग्यांना दोष देत, सालीला नाही. पावसाळा आला की इंजिनाला ओल लागू नये म्हणून बॉनेट उघडून आत केळीचा वाळका पाला ठासून भरत. ट्रकमध्ये घडांना मार लागू नये म्हणून पाला घालायचा, हा पिढ्यानपिढ्यांचा हात. तोच हात इंजिनावर चालवला. घडाला तो पाला मानवतो. इंजिनात काय झालं ते पुढं सांगतो.

गेल्या वर्षी दोन गोष्टी बरोबरच आल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि स्टिअरिंगला हात लावायला मनाई केली. आणि जावयानं, भीत भीत, अंगणात एक खोली काढायची म्हणून विषय काढला, "बाबा, भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे." व्याही भडकले नाहीत, तेव्हाच मला धडकी भरली. शांतपणे म्हणाले, "पोर थोराड झाली म्हणून विहिरीत ढकलतात का? स्थळ बघतात."

आणि खरंच स्थळं आली. नातीनं फोटो मोबाईलवर टाकले होते, आणि त्याच सुमाराला कंपनी कॉन्टेसा पुन्हा नव्यानं काढणार अशी बातमी फिरत होती. खरी-खोटी देव जाणे. पण काल ज्यांना हे भंगार वाटत होतं तेच आज जुनी कॉन्टेसा कुठं मिळेल म्हणून फिरायला लागले. इंदूर, खंडवा, जळगाव, कुठून कुठून लोक लोधीपुऱ्याची गल्ली विचारत आले. व्याही प्रत्येकाला समोर बसवून विचारत: घरात माणसं किती, वडील काय करतात, गाडी ठेवायची जागा पत्र्याची की स्लॅबची. अंगठ्यात अंगठी घातलेला एक तरुण म्हणाला, घेतली की पिवळी करून टाकू. व्याही म्हणाले, "अजून पसंती नाही आणि मुलीचं नाक बदलायला निघाले." एक हॉटेलवाला शेट आला, भाव सगळ्यांत मोठा बोलला, म्हणाला हॉटेलच्या दारात काचेत ठेवीन, लोक फोटो काढतील. त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "म्हणजे तुम्ही तिला दाखवणार, नांदवणार नाही." तिसऱ्यानं गाडीचं दार आपटलं. त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

मग ती आली. इंदूरची, आपलीच मराठी पोरगी, कारखान्यात इंजिनिअर. नमस्कार केला, भाव विचारला नाही, ओढणी कमरेला खोचली आणि धुतल्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरली. व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. अंगणात पुन्हा दोनच पाय दिसत होते. बाहेर आली, केसांत वाळकं गवत. म्हणाली, "काका, सस्पेन्शनचे रबर गेलेत. बाकी हाड एकदम मजबूत आहे. आमच्याकडे होती अशीच, बाबांनी विकली तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते. उद्याच क्रेन पाठवते ना."

"क्रेन नाही," व्याही म्हणाले. "मुलगी उचलून नेत नाहीत. आपल्या पायांनी निघेल, तरच देईन. आणि तुळशीच्या लग्नाआधी नाही."

"आणि नाही निघाली तर?"

"तर मग भंगारवाला. पण अपंग करून कुणाच्या गळ्यात बांधणार नाही."

तिनं कमरेची ओढणी सोडली, गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "ठीक आहे काका. मी थांबते." व्याही मला हळूच म्हणाले, "घर पाहावं लागेल."

त्याआधी मात्र त्यांना निंबोल्याला यावं लागलं. बसनं आले. माझ्या जागेवर ट्रॅक्टरच्या निघालेल्या सीटवर बसले, पाणी प्याले, देडतलाईकडं कापूस कसा आहे हे तासभर बोलले. मी पाना हातात घेऊन उभा. उठता उठता त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "पाव्हणे, गुरांच्या डॉक्टरलाही डॉक्टरच म्हणतात."

त्या माणसाकडून एवढी माफी म्हणजे बाकीच्यांनी लोटांगण घालण्यासारखी. मी पिशवी भरली.

बॉनेट उघडलं तर आत गाव वसलेलं. पाल्यात उंदरांच्या तीन पिढ्या नांदलेल्या, हॉर्नची तार सोडली तर वायरिंगचं एक टोक दुसऱ्याला ओळखत नव्हतं. इंजिन जाम. प्लग काढून आत तेल सोडलं आणि आठ दिवस नुसतं मुरू दिलं, लोणच्यासारखं. व्याही रोज विचारत, "हललं का?" मी सांगे, हट्टी घरातलं आहे, वेळ लागेल. नवव्या दिवशी पुली हातानं अर्धं सूत फिरली, आणि मी आत जाऊन लेकीला म्हटलं, गूळ दे. टाकीतलं पेट्रोल डिंकासारखं झालेलं, ते काढून टाकी धुतली. कार्बुरेटर चार वेळा उघडला, चार वेळा बसवला. वायरिंग नवं ओढलं. पुर्जे इंदूरच्या जुन्या बाजारातून त्या पोरीनं हुडकून पाठवले. मधल्या काळात आम्ही इंदूरला जाऊन घर पाहून आलो. तिच्या मावशीनं पोहे केले. व्याह्यांनी पोहे खाल्ले, शेडची लांबी वितीनं मोजली, वर पाहिलं आणि विचारलं, "हे जांभळाचं झाड कुणाचं? डाग पडतील." आठवड्यात तिनं पत्रा हातभर वाढवल्याचा फोटो पाठवला. व्याह्यांनी फोटो डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि इंदूरला तिनं बोललेला पहिला भाव तसाच कबूल केला. शेटच्या भावाचा शब्दही काढला नाही.

तुळशीचं लग्न झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळी गल्ली अंगणात. चावी पोरीच्या हातात. पहिल्यांदा फिरवली, गाडी खोकली. दुसऱ्यांदा फिरवली, नुसती गुरगुरली. मागून पुतण्याचा आवाज आला, "कच्चं आहे." मी बॉनेटखाली हात घातला, चोक अर्धा ओढला आणि खरं सांगतो, पोरीच्या लग्नात घाबरलो नव्हतो तेवढा घाबरलो. तिसऱ्यांदा फिरवली आणि गाडी बोलली. असा आवाज की ओट्यावरची भांडी थरथरली आणि कावळे उडाले. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या गल्लीला हॉर्नच्या मागं इंजिन ऐकू आलं. लेकीनं बॉनेटवर खण-नारळ ठेवून ओटी भरली. पुतण्या पुढं आला, यांच्या पाया पडला. व्याही म्हणाले, "तुझी पण पिकेल. दम धर."

निघताना त्यांनी आणखी एक काढलं: मुलगी पहिल्यांदा सासरी जाते, पाठराखीण पाहिजे. आणि माझ्याकडं बोट केलं. म्हणून मी, सत्तरी ओलांडलेला, मिशा असलेला माणूस, कॉन्टेसाची पाठराखीण होऊन इंदूरला गेलो. पोरगी चालवायला, मी शेजारी, व्याही मागच्या सीटवर वेशीपर्यंत सोडायला. त्यांची वेस म्हणजे असीरगडाचा घाट. निंबोल्याला माझी जागा आली तशी मी काच खाली करून हॉर्न द्यायला लावला. चाळीस वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकांनी पाहिलं पाहिजे ना. घाटात पुढं एक नवीकोरी उंच मोटार. पोरीनं गिअर बदलला, आमची गाडी छाती काढून वर चढली, वळणानंतरच्या मोकळ्या रस्त्याला त्या मोटारीच्या बरोबरीला आली, आणि व्याह्यांनी काच खाली करून त्या अनोळखी माणसाला शांतपणे सांगितलं, "कच्चं आहे, भाऊ." मग आम्ही पुढं. मी आयुष्यात पुष्कळ इंजिनं सुरू केली, पण त्या वळणावर जी मान ताठ झाली ती अजून वाकत नाही.

घाट संपल्यावर ते उतरले. पोरीला एवढंच म्हणाले, "आखाजीला आण." आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. मग उलट दिशेच्या बसची वाट बघत उभे राहिले. मागं वळून पाहिलं नाही. तसंही त्यांना लांबचं फारसं दिसत नव्हतं.

आखाजीला गाडी आली. सकाळी सातला, तीन हॉर्न देत. अंगणात आता खोलीच्या भिंती कमरेएवढ्या चढलेल्या, पण जावयानं गाडीपुरती जागा सोडली होती. गल्लीतल्या बायांनी कुकर ठेवून धाव घेतली. मांडे झाले, आमरस झाला. व्याही दिवसभर गाडीत बसून होते, हातानं सगळं चाचपत. दुसऱ्या दिवशी पोरगी परत निघाली. गाडी गल्लीच्या वळणाला गेली आणि मोकळ्या जमिनीवर माझी नजर पडली. तेलाचा एक थेंब. माझ्या हातच्या गाडीचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना दिसायच्या आत पुसावा म्हणून मी फडकं घेऊन वाकलो, तर त्यांनी काठी आडवी धरली. त्यांना तो कसा दिसला, की नुसता वास आला, मी विचारलं नाही.

"राहू द्या, पाव्हणे," म्हणाले. "माहेराहून निघताना कुणाच्याही डोळ्यातून एखादा येतोच."