मावशीनं भरलेली घागर अंगावर ओतली तेव्हा

दुष्काळाचा उन्हाळा होता. उदगीरजवळच्या एका गावात मावशीसोबत टँकरच्या लायनीत उभा होतो मी... खरं तर मिरचीच्या गाडीवर धर्माबादला निघालो होतो, पण वाटेत मावसबहिणीचा फोन आला आणि मी फाट्यावर उतरलो. माझं नेहमी असंच होतं, जाऊ द्या.

बहिणीला नांदेडला मुलगी झाली होती, रविवारी पाळणा. आणि सख्खी आई, म्हणजे माझी मावशी, येत नाही म्हणून बसलेली. "तिथं बी पाण्याचे हाल, मी कशाला एक तोंड वाढवू," म्हणायची.

गावात तर तिचं भारी कौतुक. दिवसभर तांब्याभर पाण्यावर राहते, दुष्काळात बाई असावी तर अशी... मलाही तेच वाटायचं.

तर लायनीत उदगीर नवा जिल्हा होणार, यावर चर्चा चाललेली. एक आप्पा म्हणाले, "जिल्हा झाला की कलेक्टर इथंच बसनार." मी म्हणालो, "बसू द्या की आप्पा, पण घागर घेऊन लायनीत मागं उभं ऱ्हा म्हनावं."

सगळे हसले. मावशीच्या कमरेवर नुकतीच भरून घेतलेली घागर होती, ती पण खळखळून हसली... आणि एकदम गप्प झाली. मग तिनं ती अख्खी घागर स्वतःच्या अंगावर ओतली.

बायका हळहळल्या, "घसरली की वो घागर." पण मी शेजारीच होतो. घसरली नव्हती. थेंबाथेंबाला जपणाऱ्या बाईनं मुद्दाम ओतली होती.

घरी जाताना विचारलं. आधी म्हणाली, "गप चल." मग बरंच चालल्यावर, माझ्याकडं न बघता, "हसलं, शिंकलं, वजन उचललं की लघवी सुटती रे. लुगडं भिजलं होतं. आता घागरीचं पानी हाय म्हनतील."

माझी बहीण जन्मली तेव्हापासूनचं हे. म्हणून पाणी प्यायचं नाही, भजनाला जायचं नाही, एसटीत बसायचं नाही... पाणी वाचवणं वगैरे काही नव्हतंच.

"आन् पाळन्यात पाव्हण्यांसमोर झालं म्हंजे? पोरीच्या सासरचे काय म्हनतील?" डॉक्टरला दाखवलंस का विचारलं तर म्हणे, "बाळंतपन झालं, वय झालं की व्हतंच बायकांना. त्याला काय दाखवायचं."

मला तरी काय कळतं, माझा दहावीचा गणिताचा पेपर अजून राहिलाय. पण मावशीला विचारून बहिणीला फोन लावला. ती आईला अव्वा म्हणते. आधी रडली, मग माझ्यावरच डाफरली, "अव्वाला पाळण्याच्या आधी घेऊन ये, माझ्या डॉक्टरीणबाईंना दाखवू."

मित्राची जीप मागितली. मावशी म्हणेल तिथं थांबायचं, हे ठरलेलं. वाटेत लोहा गावात मीच भजी खात बसलो तर तीच म्हणाली, "ऊठ की आता, दवाखाना बंद व्हईल."

मी बाहेर बसलो होतो. आतून मायलेकींचं हसणं ऐकू आलं, तेव्हा जरा जीव भांड्यात पडला. पुढचं मावशीनं सांगितलेलं, आणि तिला विचारूनच लिहून राहिलो...

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं पुष्कळ बायकांना होतं, पण वय झालं म्हणून सोसत बसायची गरज नाही. आधी लघवी आणि शुगर तपासली. मग व्यायाम शिकवला... लघवी अडवताना आपण जे आवळतो ना, तेच बसल्या बसल्या आवळायचं आणि सोडायचं, रोज, न कंटाळता. नीट जमतंय का ते तिथल्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी बघितलं.

आणि पाणी तोडायचं नाही. फार कमी प्यायलं तर लघवी गडद होऊन उलट जास्त त्रास होतो म्हणे. चहा मात्र कमी. ज्यांना एकदम घाई होते, बाथरूमपर्यंत दम निघत नाही, त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात. कुणाला आत रिंग बसवतात, कुणाला ऑपरेशन लागतं. कुणाला काय, ते तपासूनच ठरतं.

दोन दिवसांत काही हे बरं होत नाही. पण तोवर पॅड वापरा म्हणाल्या, आणि एवढं साधं मावशीला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. रविवारी ती पाळण्याच्या दोरीपाशी, अगदी पुढं बसली. नातीच्या कानात नाव सांगताना बाळानं तिचं नाक धरलं आणि मावशी सगळ्या सासरच्यांसमोर मोठ्यानं हसली... उठून गेली नाही.

व्यायाम चालू आहे. त्रास पुष्कळ कमी झालाय, अगदी गेला नाही. पण तिनं टँकरच्या लायनीत सगळ्या बायकांना सांगून टाकलं. मागच्या आठवड्यात फोन, "गजा, जीप घेऊन ये, आमाला नांदेडला जायचंय." गेलो तर जीपमध्ये मला बसायला जागा उरली नाही म्हणा ना, आणि त्यात सत्तरीच्या आजी पण.

तुमच्या घरात कुणी लग्नाला, पाळण्याला यायचं टाळत असेल, प्रवासात पाणी प्यायचं टाळत असेल... तर हट्टी म्हणू नका. बाजूला बसून एकदा हळूच विचारा. माझ्या मावशीला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.